आपल्या वाट्याची खतं

परवा आचार्य अत्रे रंगमंदिरात मी मागच्या रांगेत येऊन बसलो होतो. तुला दिसलो नाही. तू शिडीवर होतीस. एका हाताने पाइप धरलेला, दुसऱ्या हातात तेरा नंबरचा पाना, आणि खाली उभ्या असलेल्या पोराला सांगत होतीस, "मध्यावर उभा राहा, हलू नको." क्लॅम्प सैल केलास, स्पॉट बोटभर खाली झुकवलास, परत आवळलास. त्या पोराच्या डोळ्यांखालची काळी सावली गेली आणि डोळे दिसायला लागले. मग तू पान्याने क्लॅम्पवर हलकेच टकटक केलीस, घट्ट बसलाय का ते ऐकायला. बाळा, ती टकटक टूलरूममधली आहे. पस्तीस वर्षं मी ती करत आलो. तुला ती कुणी शिकवली असेल तर चाकणच्या लाइनने शिकवली, नाटकवाल्यांनी नव्हे.

तू त्या दिवशी नाईट करून थेट आली होतीस, हे तुझ्या आईकडून नंतर कळलं. आणि गेल्या गुरुवारी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता तू मला हळूच विचारलंस, "मामा, राजीनामा देऊ का? पूर्णवेळ लाइट्सच करते." मी तेव्हा उत्तर दिलं नाही. दाजी बाहेरच्या खोलीत होते, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दलही आहे. म्हणून लिहून देतोय. नीट वाच, घाई करू नकोस.

नाटक सोड असं मी सांगणार नाही. तसं सांगणारे आपल्या नात्यात पुरेसे आहेत. आधी माझी गोष्ट ऐक, ती तुला कुणी पूर्ण सांगितलेली नाही.

मी १९८४ साली औशाहून भोसरीला आलो. आयटीआय फिटर. दहा वर्षं एका कंपनीत टूलरूमला काढली, परमनंट झालो, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत कंपनीकडून उतरलो. दोनदा बक्षीस मिळालं. आणि १९९४ साली मला वाटलं की आता स्पर्धेपुरतं पुरे, स्वतःचं नाटक काढायचं. सुपरवायझरशी रजेवरून वाजलं, त्या रागाच्या भरात राजीनामा टेबलावर ठेवला. पीएफ काढला, दहा वर्षांची ग्रॅच्युइटी घेतली, ती सगळी नेपथ्याच्या प्लायवूडमध्ये आणि जाहिरातीत गेली. कमी पडले म्हणून एका पतसंस्थेकडून तीस हजार उचलले. त्या कर्जाला जामीन राहिले तुझे वडील. त्यांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. "तुम्ही म्हणताय ना" म्हणाले आणि सही केली.

तीन प्रयोग झाले. तिसऱ्याला एकवीस तिकिटं खपली. माझी नोकरी गेलेली, हप्ते थकले. मग पतसंस्थेने दाजींच्या कंपनीला पत्र पाठवलं आणि त्यांच्या पगारातून महिन्याला ६०० रुपये कापायला सुरुवात झाली. बावीस महिने. दाजींनी त्या बावीस महिन्यांत तोंडातून एक शब्द काढला नाही. तुझ्या आईनेच एकदा, मी चहाला आलो असताना, त्यांच्या पगाराची चिठ्ठी माझ्या कपाखाली सरकवली आणि आत निघून गेली. टाइप केलेल्या ओळीत 'जामीन वसुली' आणि पुढे आकडा. चहाचा गोल डाग बरोबर त्या आकड्यावर पडला होता.

मी १९९६ला दुसरीकडे कामाला लागलो आणि ते पैसे फेडले. पण त्याच काळात दाजींनी चिखलीत एक गुंठा बघून ठेवला होता. बयाणा द्यायची तयारी होती. ते ६०० रुपये गेल्यावर त्यांचं गणित बसेना, त्यांनी तो सोडला. पुढे तिथल्या जमिनीच्या भावाचं काय झालं ते तू रोज जाता-येता बघतेस. जागा घ्यायला त्यांना २०१७ साल उजाडलं, तीही फ्लॅट, तीही कर्जावर. त्या कर्जाचा हप्ता आज तू भरतेस.

आता तुझ्या लक्षात आलं असेल की मी तेव्हा उत्तर का दिलं नाही.

चाकणला जाताना तू मोशीजवळ इंद्रायणीचा पूल रोज ओलांडतेस. त्याच नदीवर वरच्या अंगाला देहू आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती, दुष्काळात सगळं बसलं, आणि त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतं इंद्रायणीत बुडवायची ठरवलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. ऐकताना एक भाग मात्र कानावरून निघून जातो. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले की मला संसार आहे, माझं कसं व्हायचं. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धी कान्होबांच्या हातात दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. एवढं वैराग्य आलेला माणूस, पण भावाच्या कागदाला हात लावला नाही. मी १९९४ला ही गोष्ट शंभरदा ऐकलेली होती आणि तरी दाजींच्या वाट्याची खतं बुडवून बसलो.

आणि त्या गोष्टीत जिजाई आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर आणि ती भाकरी घेऊन डोंगर चढतेय, असं आपण कौतुकाने सांगतो. मला म्हातारपणी वाटायला लागलंय की बुडवलेल्या अर्ध्या वाट्यात तिचाही वाटा होता आणि तिला कुणी विचारलं नाही. तेवढं धैर्य संतांना शोभतं. आपण साध्या माणसांनी आधी घरी विचारावं.

तर तुझ्या हातात जे आहे त्याचे आधी दोन वाटे कर. एका रविवारी वही घेऊन बस. तुझ्या हातात येतात साडेअठरा हजार. त्यातले आठ हजार घरात जातात, हप्त्याला आणि किराण्याला. पेट्रोल, मोबाइल, डबा, कपडालत्ता धरून तुझे चार हजार. म्हणजे बारा हजारांत तुझा एक महिना निघतो, कुणाच्याही वाट्याला धक्का न लावता. हा आकडा पाठ कर. यापुढे पैशाकडे रुपयांत बघू नको, महिन्यांत बघ. उरलेल्या साडेसहा हजारांतले चार हजार बाजूला टाकलेस तर तीन महिन्यांत बारा हजार होतात, म्हणजे तू एक महिना विकत घेतलास. तो महिना तुझ्या मालकीचा, त्यात तुला कुणी शिफ्ट लावू शकत नाही. दीड वर्षात असे सहा महिने जमतात. दिवाळीचा बोनस आणि ओटी त्यात टाकलीस तर आणखी लवकर. बँकेत दीड वर्षाची आरडी काढ, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाईल अशी. हातात ठेवलेले पैसे मैत्रिणीच्या लग्नात जातात.

राहिलेले अडीच हजार लाइट्सवर घाल. पुस्तकं, पुण्याला जाऊन बघायची नाटकं, एखादी कार्यशाळा. त्यात कंजुषी करू नको.

भिशीत घालू का, असं विचारशील. घरखर्चाला भिशी चांगली, पण हे पैसे तिथे नको. भिशी मोडली की नाती मोडतात आणि पैसेही जातात.

आता तुझी पगाराची चिठ्ठी काढ. तुमच्या पिढीला ती मोबाइलवर येते आणि कुणी उघडत नाही. पीएफचे १२ टक्के तुझे कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात जातो, आणि त्या पेन्शनचा हक्क बसायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. कंपनी बदलली तरी चालते, पण खातं तेच पुढे चालवायचं. यूएएन नंबर एकच ठेव, नोकरी सोडलीस तर पैसे काढू नको, पडू दे तिथेच. मी काढले. त्या दहा वर्षांचं माझ्या नावावर आज काही नाही. ग्रॅच्युइटीचं विचारशील तर परमनंट कामगाराला सलग पाच वर्षं भरावी लागतात. तुझं चौथं वर्ष चालू आहे. जे काय ठरवशील ते पाच पूर्ण झाल्यावर ठरव. चार वर्षं अकरा महिन्यांवर रागाने बाहेर पडलेली पोरं मी बघितली आहेत.

त्याच चिठ्ठीवर जून आणि डिसेंबर महिन्यात एक बारीकशी कपात दिसेल. एलडब्ल्यूएफ असं लिहिलेलं असतं. तो कामगार कल्याण निधी. १९५३च्या कायद्याने आलेला, आणि त्यातूनच मंडळाची केंद्रं आणि नाट्यस्पर्धा चालतात. म्हणजे तू दर सहा महिन्यांनी त्या रंगमंचाचं भाडं भरतेस आणि तुला माहीतच नाही. आपल्या भागातल्या केंद्रात जाऊन चौकशी कर. तुमच्या कंपनीतून नाटक उतरवायचं असेल तर एचआरचं पत्र लागेल, ते आत्ताच बोलून ठेव. मला सगळं नाटक तिथे मिळालं. लोक स्पर्धेला हौशी म्हणून नाक मुरडतात. पण पंचेचाळीस मिनिटांत नेपथ्य उभं करायचं, हॉलमध्ये असलेल्या तेवढ्याच स्पॉटवर भागवायचं, आणि वेळेत उतरवून जागा मोकळी करायची, हे शिक्षण पैसे देऊनही मिळत नाही.

ईएसआयचं मात्र घाबरून सांगतो. दाजी रिटायर झालेत, तुझी आई आणि ते दोघंही तुझ्या कार्डावर आहेत. २१,००० पगारापर्यंत हे कार्ड चालतं आणि ते नोकरीला चिकटलेलं असतं. नोकरी सुटली की काही महिन्यांनी मोहननगरच्या दवाखान्याचं दारही बंद. दाजींची शुगर तुला माहीत आहे. म्हणून नोकरी सोडायच्या आधी, नंतर नव्हे, त्या दोघांचा वेगळा आरोग्यविमा काढून झालेला पाहिजे. जुन्या आजारांना विमा कंपन्या सुरुवातीची काही वर्षं थांबायला लावतात. म्हणून ती वर्षं तू नोकरीवर असतानाच मोजायला सुरुवात होऊ दे. हा खर्च तुझ्या बारा हजारांत धरलेला नाही. कागदावर लिहून घे आणि गणित परत मांड.

पैशाचं एवढं झालं. आता वेळेचं.

तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि नाटकाचं सगळं शनिवार-रविवारी. या एका गोष्टीने या पट्ट्यातली किती पोरं नाटकातून गळाली असतील. उपाय एकच, आधी सांगणं. स्पर्धेची तारीख कळली की त्याच दिवशी सुपरवायझरकडे जा. "सर, या दोन रविवारी मला फर्स्ट शिफ्ट हवी, बदल्यात दिवाळीची नाईट मी करते." बहुतेक सुपरवायझर ऐकतात, कारण दिवाळीच्या नाइटला त्यांना माणूस मिळत नाही. पीएल वर्षभर जपून ठेव, एकेक करून वाटून टाकू नकोस. आणि आजारपणाची खोटी चिठ्ठी कधी देऊ नकोस. एकदा दिलीस आणि कुणी तुला स्टेजवर बघितलं, की पुढच्या वेळी तू खरोखर तापाने फणफणलीस तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. मला हे कुणी शिकवलं नाही, मी शिकलो.

नाईट करून तालमीला, तालमीहून परत नाइटला, हे एक आठवडा चालतं. दुसऱ्या आठवड्यात गाडीवर डोळा लागतो. चाकणच्या रस्त्यावर रात्री दोन्ही बाजूंनी ट्रेलर असतात, तळेगाव चौकात काय होतं ते तू बघतेस. नाइटच्या आठवड्यात तालीम असेल तर गाडी घरी ठेव, कंपनीच्या बसने जा, बसमध्ये झोप. हे मी काळजीपोटी सांगतोय असं समज, पण धंद्याचंही गणित आहे. डोळ्यांवर झोप असली की प्रकाश कळत नाही. सावली कुठे पडली ते दिसतच नाही.

तुला वाटत असेल की नोकरी आणि नाटक दोन्ही करणारा माणूस दोन्हीकडे अर्धाच राहतो. मला तसं वाटत नाही. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागात नोकरी करत होते आणि त्याच काळात त्यांनी 'महानिर्वाण' लिहिलं, १९७४ साली रंगमंचावर आणलं. जब्बार पटेलांचा दौंडला लहान मुलांचा दवाखाना होता आणि 'घाशीराम कोतवाल' त्यांनी १९७२ला बसवलं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. लोक म्हणतात, बघा, सगळं सोडून आला. पण त्याआधी किती वर्षं त्यांनी प्रॅक्टिस सांभाळून पीडीए या नाट्यसंस्थेत नाटकं केली ते बघ. नोकरी किंवा व्यवसाय त्यांचा शत्रू नव्हता. त्याच्या जोरावर त्यांना वाईट नाटकाला नाही म्हणता आलं.

आणि ते सगळे शिकलेले, असं म्हणशील तर पिंपळे गुरवच्या नाट्यगृहावर ज्यांचं नाव आहे ते निळू फुले बघ. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळी होते. बागेत काम आणि संध्याकाळी सेवादलाचं कलापथक. तू त्या नाट्यगृहात लाइट लावायला जाशील तेव्हा दारातल्या कुंड्यांकडे एकदा बघून जा.

मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, आणि १९७२ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं. सिनेमा निघाल्यावर सगळ्यांना कळलं. पण सिनेमापेक्षा मला एक साधी गोष्ट मोठी वाटते. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना टाटांकडून मदत मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. मला मदत नको, काम द्या, असं म्हणाले. आणि टेल्कोत, आपल्या इथल्या टेल्कोत, तीसेक वर्षं त्यांनी नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ला. जगातला सुवर्णपदकवाला माणूस आपल्या शेजारच्या गेटवर रोज कामाला जात होता आणि आपण शिफ्टच्या नादात त्यांच्याकडे बघितलंही नाही. काम मागणं यात कमीपणा नाही हे मला त्यांच्याकडून कळलं, पण फार उशिरा.

आता लाइट्सच्या धंद्याचं. तुझ्याइतकं मला त्यातलं कळत नाही, पण धंदा म्हणून जेवढं दिसतं तेवढं सांगतो.

फुकट काम तीनदा कर. शिकायला मिळतं म्हणून. चौथ्यांदा किमान गाडीभाडं आणि जेवण घे, पाचव्यापासून पैसे. आणि पैसे ठरले की त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाक, "दादा, ठरल्याप्रमाणे दोन दिवसांचे तीन हजार, प्रयोगाच्या दिवशी." भांडण करायला नव्हे. दोन महिन्यांनी त्यांनाही आठवत नसतं, आणि आठवत नसलेल्या पैशावरून चांगली माणसं वाईट होतात.

हप्त्यावर लाइट विकत घेऊ नको. पार, डिमर, बोर्ड सगळं भाड्याने मिळतं. भाड्याचा दिवा काम संपलं की परत जातो. हप्त्यावरचा दिवा काम नसतानाही जळत राहतो. स्वतःच्या मालकीचं हवंच असेल तर चांगला पान्यांचा सेट, हातमोजे, टेस्टर, आणि एक चांगली वही. एवढ्यावर तू पंधरा वर्षं काढशील.

नाटकाला पैसे कमी आणि उशिरा. आपल्या भागात पैसा येतो तो गणेशोत्सवात आणि डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगला. पावसाळ्यात हॉल रिकामे. म्हणजे तुझा धंदा बारमाही नाही, हंगामी आहे. शेतकऱ्याच्या घरातली आहेस, हंगामाचं उत्पन्न वर्षभर कसं पुरवायचं ते तुझ्या आजीला विचार, ती माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. गॅदरिंगच्या कामाला कमी लेखू नको. लहान मुलांच्या कोळीनृत्यावर चांगला प्रकाश टाकणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेचा फोन येतो.

हे सगळं जमतंय का, हे कळायचं कसं? तुमच्या लाइनवर काय करतात? पहिला पीस तपासल्याशिवाय लॉट सोडत नाहीत. तसंच कर. या डिसेंबरला साठवलेली पीएल एकदम टाक, पंधरा दिवस, आणि ते पंधरा दिवस राजीनामा दिलाय असं समजून जग. किती दिवस काम मिळालं, किती दिवस फोनची वाट बघितली, किती पैसे कबूल झाले आणि त्यातले जानेवारीअखेर हातात किती पडले, सगळं वहीत लिही. कबूल झालेल्या पैशाला उत्पन्न म्हणू नकोस, हातात पडलेलं तेवढं मोज. तू क्वालिटीतली आहेस, रिपोर्ट कसा लिहायचा ते तुला मी सांगायची गरज नाही. चांगला रिपोर्ट आला तरी एका वर्षावर जाऊ नको, दुसऱ्या वर्षी परत कर. पंधराऐवजी वीस दिवस. मोठ्या लॉटवर वेगळे दोष दिसतात.

आणि एक खूण सांगतो. एका हंगामात तीन वेळा, पैसे देणाऱ्या कामाला, शिफ्टमुळे नाही म्हणावं लागलं, की समज आता नोकरीमुळे नुकसान होतंय. त्याआधी नाही. कंटाळा आला, लाइनवर बोलले, प्रमोशन दुसऱ्याला मिळालं, ही नोकरी बदलायची कारणं असतील, नाटकात जायची नव्हेत. राग आला तर घरी ये, माझ्यासमोर ओरड. राजीनामा शांतपणे, महिनाभर आधी, लेखी द्यायचा. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही. पीएफच्या साइटवर तुझी सोडल्याची तारीख चढली का ते बघायचं. उद्या परत यावं लागलं तर दार उघडं पाहिजे. परत येणं म्हणजे हरणं असं मला १९९६ला वाटलं होतं, म्हणून मी सहा महिने जास्त घरी बसलो. त्या सहा महिन्यांचे ६०० रुपयेही दाजींनीच भरले.

जामिनाचं वेगळं सांगायला नको. कुणाला जामीन राहू नको आणि कुणाला राहू देऊ नको. तुझ्या भावाला तर अजिबात नाही. त्याचा डिप्लोमा दोन वर्षांत संपेल. तोपर्यंत घरच्या आठ हजारांना हात लावायचा नाही, आणि संपल्यावर हप्त्याचा अर्धा वाटा त्याच्याकडे जाईल हे आत्ताच चौघांनी बसून बोलून ठेवायचं. मुलगी आहे, लग्न करून जाईल, तिने कशाला, असं घरात कुणी म्हणेल. म्हणू दे. लग्नाच्या बैठकीत मात्र पहिल्याच भेटीत मुलाला सांग की रात्री अकराला प्रयोग सुटतो आणि सामान भरून निघायला एक वाजतो. नंतर सांगायची गोष्ट नाही ती. जो मुलगा ते ऐकून प्रयोग कुठे असतो म्हणून विचारेल, त्याला दुसऱ्यांदा चहाला बोलव.

आता शेवटचं, आणि हे मी तुझ्या आईशी बोलून लिहितोय. तू दीड वर्षात तुझे सहा महिने विकत घे. चार हजारांची आरडी एकही महिना न चुकवता पूर्ण केलीस, आणि दोन डिसेंबरचे रिपोर्ट मला दाखवलेस, तर त्यापुढच्या सहा महिन्यांचे घरचे आठ हजार मी भरणार. माझ्या पेन्शनीत आणि ठेवीच्या व्याजात ते बसतं, मी मांडून बघितलंय. तू नको म्हणशील हे मला माहीत आहे, पेटकरांचं उदाहरण मीच दिलंय. पण ही मदत नव्हे. दाजींचा तो गुंठा आणि बावीस महिन्यांची वसुली यांचा हिशेब माझ्याकडे थकलेला आहे. मुद्दल मी फेडलं, बाकीचं राहिलं. ते दाजींना दिलं तर घेणार नाहीत. तुझ्या हप्त्यात गेलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही.

येत्या गुरुवारी सकाळी दहाला चिखलीला येतो. बँकेत दोघं जाऊ, आरडी उघडू. दुपारी जेवण झाल्यावर तूच दाजींसमोर विषय काढ, मी शेजारी बसेन. येताना ती पगाराची चिठ्ठी घेऊन येतो. चहाचा डाग फिका झालाय, पण आकडा अजून वाचता येतो.